शेजारच्या सीटचा ब्रेक

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या बाईंच्या. या बाईंचा पाय इतका तत्पर होता की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. शिकणाऱ्याला चौक दिसायच्या आत बाईंनी गाडी थांबवलेली असे. त्यांच्या हाताखालची माणसं वळणं झकास घेत, गाडी मागे सुबक लावत, आणि परीक्षेत ब्रेकपाशी येऊन हटकून आपटत. सवय घरीही सुटली नव्हती. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसल्या तरी त्यांचा पाय दाबायला काहीतरी शोधायचा.

अशा बाईंच्या पोटी जन्माला आलेली मुलगी एका जागी ठरेल तर शपथ. घरात तिला भिंगरीच म्हणत. भिंगरी पाचवीत होती. शाळेच्या फाटकाशी गाड्यांची गर्दी फार होते, तेव्हा जवळच्या मुलांनी सोमवारपासून चालत नाहीतर सायकलने यावं, असा शाळेचा निरोप आला आणि भिंगरीने त्याच संध्याकाळी सायकल पुसून दारात आणून ठेवली. बाईंनी ती तशीच उचलून आत नेली.

त्यांची भीती अडाणी नव्हती, हीच तर पंचाईत होती. गावातले निम्मे चालक त्यांच्याकडे शिकून गेलेले. वळताना कोण आरसा बघत नाही, कोण फोन कानाला लावून गाडी हाकतो, सगळं तोंडपाठ. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. बाईंचं मन चिंतून चिंतून दमत नव्हतं. नवरा म्हणाला, तू अख्ख्या गावाला रस्त्यावर सोडतेस आणि घरच्या पोरीला दारात अडवतेस. हे बाईंना झोंबलं, कारण खरं होतं.

मग त्यांनी सुट्टीच्या दिवशी मागे लागून भिंगरीला तयार केलं. हेल्मेटचा पट्टा, हात दाखवून वळणं, उभ्या गाड्यांपासून अंतर. एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा घोटून घेतली.

"रस्ता ओलांडताना पांढऱ्या पट्ट्यांपाशी पाय टेकायचा. गाडी नाही बघायची, गाडीवाल्याचे डोळे बघायचे. त्याने तुला पाहिलंय असं तुला दिसलं, तरच निघायचं."

भिंगरीने कबूल केलं, पण एका अटीवर. आईने मागे मागे यायचं नाही. बाईंनी शब्द दिला.

सोमवारी सकाळी बाईंच्या गाडीत औषधांच्या दुकानाचे मालक शिकायला बसले होते. पन्नाशीचे, सज्जन, स्टिअरिंगला काचेचं भांडं धरावं तसे धरणारे. बाई म्हणाल्या, आज शाळेच्या रस्त्याने घेऊ, सरावाला बरा आहे. शब्द काही मोडला नव्हता. मागे जात होते ते औषधवाले काका, बाई नुसत्या शेजारी बसल्या होत्या.

पुढे दूरवर भिंगरीचं पिवळं हेल्मेट दिसलं आणि बाईंचा जीव टांगणीला लागला. भाजीचा टेम्पो भिंगरीच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. बाईंनी ब्रेक दाबला. टेम्पोला काही झालं नाही, काकांचा चष्मा मात्र नाकावर आला. कुत्रं आडवं गेलं, पुन्हा ब्रेक. कुणी मोटारीचं दार उघडलं, पुन्हा ब्रेक. शेवटी काकांनी अगदी नम्रपणे विचारलं की आपलं नेमकं काय चुकतंय. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतला आणि ठरवलं, आता नाही हलवायचा.

शाळेच्या अलीकडे एक ट्रक उभा होता. भिंगरी त्याच्याआड गेली आणि दिसेना. ट्रकच्या पुढून निघाली असेल? पडली तर नसेल? बाई मान वाकडी करून फुटपाथ धुंडाळू लागल्या. ट्रक मागे पडला, समोर पांढरे पट्टे आले, आणि गाडी तशीच पुढे गेली. पट्ट्यांच्या कडेची एक छोटी मुलगी पाऊल टाकत होती. कुणाच्या तरी हाताने तिचं दप्तर धरून तिला मागे खेचलं. तेव्हा कुठे बाईंचा पाय ब्रेकवर पडला. गाडी पट्ट्यांवर नाक घालून थांबली.

तो हात भिंगरीचा होता.

बाई खाली उतरल्या. काका आतून म्हणत होते, मला वाटलं तुम्ही दाबाल, तुम्हीच दाबता ना नेहमी. छोटीला काही लागलं नव्हतं. भिंगरीचा एक पाय अजून जमिनीवर टेकलेला होता आणि चेहरा पांढराफटक.

"तू का नाही निघालीस?" बाईंना दुसरं काही सुचेना.

"काकांचे डोळे बघितले. ते तुझ्या पायाकडे बघत होते."

"आणि मी?"

"तू मला शोधत होतीस. रस्त्याकडे कुणीच बघत नव्हतं, आई."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. इतकी वर्षं भरधाव गाडीवाल्यांची भीती बाळगली, आणि आज पोरीच्या समोर जी गाडी आली तिच्यात त्या स्वतः बसल्या होत्या.

त्या गाडीत परतल्या आणि काकांना गाडी मागे घ्यायला सांगितली. ती त्यांनी सुबक घेतली.

"आता समोर बघा, काका. माझ्या पायाकडे नाही. तिला तुमचे डोळे दिसले पाहिजेत."

काकांनी वर बघितलं. भिंगरी थांबली होती, छोटीचा हात धरून. तिने काकांकडे नीट निरखून पाहिलं, मग सायकल ढकलत रस्ता ओलांडू लागली. बाईंनी दोन्ही पाय मागे घेतले होते, आणि ते ब्रेककडे जाऊ नयेत म्हणून गुडघे हातांनी दाबून धरले होते.