माझी लाख सुमेधानं फोडली

मी एक पाकीट आहे. खाकी, आतून कापड लावलेलं, डोंबिवलीच्या बाजारातून डझनाच्या भावात आणलेलं. माझी भावंडं टपालानं कुठे कुठे गेली. मी मात्र औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्याचं फाटक कधी ओलांडलं नाही.

साल १९९४. कारखान्याचं कामकाज नुकतंच कॉम्प्युटरवर आलेलं. कोणी काय बघायचं, काय बदलायचं, हे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख गुरुदत्त कामत ठरवत. स्टोअरवाल्याला स्टोअरपुरतं, टाइम ऑफिसवाल्याला आपल्या खात्यापुरतं. कुणाला जास्तीचं काम पडलं तर ते त्याला तेवढ्यापुरता वाढीव अधिकार देत आणि संध्याकाळी काढून घेत. माणसांची गंमत अशी, की घ्यायला सगळे हसत येत आणि परत द्यायच्या वेळी तोंडं वाकडी होत. "राहू द्या की साहेब, परवा पुन्हा लागणारच आहे."

"मग परवा या. पुन्हा देईन," गुरुदत्त म्हणत.

पण गुरुदत्तच जागेवर नसले तर? त्यासाठी मी. माझ्या पोटात एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर सगळी दारं उघडणारा पासवर्ड. गुरुदत्तांनी मला बंद केलं, वर लाख ओतली, शिक्का मारला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अत्यंत निकडीच्या वेळीच. मॅनेजरांची सही घेऊन फोडावे.' मग मला फाटकाजवळच्या टाइम ऑफिसच्या कपाटात ठेवलं. किल्ली जमादार शिवराममामांच्या जुडग्यात.

तिथेच सुमेधा बसायची. कोपरहून यायची, चोवीस वर्षांची, हंगामी. सहा महिन्यांची ऑर्डर दोनदा वाढवून मिळालेली. सकाळी आली की मामांना "जय भीम मामा" म्हणून कामाला लागायची. कार्डं मशीनमधून सरकली की हजेरी आपोआप चढायची, पण तिला फक्त ऑफिसच्या लोकांची दिसे. प्लांटची हजेरी बघायचा अधिकार पर्सोनेल ऑफिसरचा.

मार्चमधला शुक्रवार होता. पर्सोनेल ऑफिसर लेबर कोर्टाच्या कामाला ठाण्याला गेलेले, गुरुदत्त मुंबईच्या हेड ऑफिसात. साडेतीनच्या सुमाराला भोंगा झाला. एका टाकीचा व्हॉल्व्ह फुटला होता. कपाटाच्या फटीतून मला खोकल्याचे आणि धावपळीचे आवाज येत होते. सगळे फाटकाशी जमले. शिफ्ट इनचार्जनं हातातल्या कागदावरून नावं पुकारली. एकेचाळीस. सगळे हजर.

शिवराममामा आत आले. "सुमेधा, मला ते एकेचाळीस पटत नाहीत गं. दुपारी एक म्हातारा आत गेलेला, खांद्यावर पंचा. बाहेर येताना मी त्याला बघितलेला नाही."

"इनचार्जना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणतो, कागद बरोबर आहे."

सुमेधानं हेड ऑफिसला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. मॅनेजर वर्तकसाहेब तोंडाला मास्क लावून आत धुरात. सही मागायची कुणाकडे?

मामांनी कपाट उघडलं. सुमेधानं मला हातात घेतलं.

"मामा, मी अजून कायम नाही झाले."

"ठाऊक आहे. मला ते मशीन येत असतं तर तुला बोललोच नसतो. माझी सही घे. शिव्या खायच्या त्या दोघं मिळून खाऊ."

तिनं अंगठ्यानं लाख दाबली. कट्कन आवाज झाला आणि मी उघडलो. पण चिठ्ठी बाहेर काढण्याआधी तिनं मला पालथं केलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं: '३.५०. प्लांटमधली माणसं मोजण्यासाठी.' खाली दोघांच्या सह्या.

मग प्रिंटर करकरला. बेचाळीस नावं. बेचाळिसावं होतं धाकू केणी. आजारी पडलेल्या जोडीदाराच्या जागी आयत्या वेळी आलेला, म्हणून इनचार्जच्या कागदावर नव्हता.

मामा यादी घेऊन ओरडतच धावले. मास्कवाल्यांना धाकू पिंपांच्या शेडमागे सापडला. बेशुद्ध, पण श्वास चालू होता.

इकडे सुमेधानं मशीन बंद केलं, माझ्या पाठीवर '४.०१' लिहिलं आणि मगच खुर्चीत बसून रडली.

दुसऱ्या दिवशी चौकशी. रात्रीतून बोलवा उठलेली: पोरीनं सगळ्यांचे गोपनीय शेरे वाचले असणार. वर्तकसाहेबांनी मला टेबलावर ठेवलं. "मॅनेजरची सही कुठे आहे?"

"साहेब, तुम्ही धुरात होतात."

वर्तकसाहेब गुरुदत्तांकडे वळले. गुरुदत्तांनी मशीननं स्वतः ठेवलेली नोंद वाचली. "एकच यादी काढलीय, साहेब. अकरा मिनिटं. दुसरं काहीही उघडलेलं नाही."

सुमेधा चटकन म्हणाली, "सर, पासवर्ड बदला."

"सोमवारी बदलतो."

"आत्ताच बदला, सर. मला तो पाठ झालाय. काल डोळे मिटले तरी दिसत होता. नको मला तो."

गुरुदत्तांनी उठून तिच्या समोरच तो बदलला. मी आयुष्यात बरीच माणसं अधिकार मागताना ऐकली होती. घेऊन टाका म्हणणारी ती पहिली.

आठवड्यानं धाकूची बायको मनुबाई फाटकाशी आली. "कंची ती पोर? मना बगूं दे." सुमेधा बाहेर गेली. मनुबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

नियम मोडल्याबद्दल सुमेधाला मेमो मिळाला. त्याच आठवड्यात वर्तकसाहेबांनी नियमही बदलला: मॅनेजर नसतील तर जमादाराची सही चालेल. आणि आठ महिन्यांनी तिला कायम केल्याचं पत्र निघालं.

आता मी तिच्या फायलीत आहे. कापड विरलंय, टाचणी गंजलीय. माझ्यावर तो मेमो, माझ्याखाली ते पत्र. एवढंच मागणं आहे. कधी ही फाईल सुटी कराल, तर त्या मेमोला एकट्याला कुणाच्या हाती देऊ नका. वाचणाऱ्याला आधी माझी पाठ वाचू दे.