दोन नावांची जागा

मित्रांनो, वाट बघायची वेळ आली की माणूस आधी मला शोधतो. मी लाकडी बाक आहे. आता जुना झालो, पण तरुणपणी माझा थाट काही वेगळाच होता.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मालाचं एक थोरलं खोकं मोडलं, त्याच्या फळ्या वाया जाऊ नयेत म्हणून तिथल्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. रंधा मारताना तो पुटपुटत असे, "याच्यावर थकलेली माणसं बसणार. कुणाला एक कुसळ टोचता कामा नये." मग मला कारकूनबाईंच्या खोलीबाहेर ठेवलं. रजेचे अर्ज, बढतीचे अर्ज, निवृत्तीचे कागद, सगळं माझ्यावर बसून भरलं गेलं. एकदा मोठे साहेब टेकले आणि म्हणाले, "खुर्चीपेक्षा हाच बरा." त्यानंतर आठवडाभर मी नुसता फुगून होतो.

वर्षातून एकदा, पंधरा दिवस, माझ्यावर गर्दी उसळायची. तेव्हा प्रत्येकाने आरोग्य विम्याचा फॉर्म भरून द्यायचा असे. स्वतःचं, नवऱ्याचं किंवा बायकोचं, मुलांचं नाव सगळेच लिहीत. त्याखाली थोरल्यांसाठी दोन नावांची जागा होती. आईवडील लिहा, नाहीतर सासूसासरे. एकदा लिहिलं की वर्षभर बदल नाही.

कारखान्यात एक तपासनीस होती. बाटली उजेडासमोर धरून केसाएवढी चीर शोधायची, हे तिचं काम. सगळे तिला नजरबाई म्हणत. तिचा नवरा मिळेल ती गाडी चालवायचा, त्याला कुठला आलाय विमा? सासरे नव्हते आणि आईही नव्हती. उरली दोन माणसं. एक सासूबाई आणि दुसरे अप्पा, तिचे वडील.

"जागा दोन, माणसं दोन, मग अडलं कुठे?" तिने कारकूनबाईंना विचारलं.

"मी वर विचारून आले गं," कारकूनबाई म्हणाल्या. "एक इकडचं, एक तिकडचं चालत नाही. एकच बाजू धरायची."

सासूबाईंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. तरीही नजरबाई पाळीवर गेली की तिच्या मुलीचं न्हाऊमाखू, खाणंपिणं त्यांनीच केलं होतं. अप्पा शिंपीकाम करून एकटे राहत. नजरबाई रोज फॉर्म घेऊन माझ्यावर बसायची आणि तो तसाच कोरा घेऊन उठायची.

शेवटच्या दिवशी दुपारी अप्पा स्वतःच आले. लेक खाली यायची होती. ते माझ्यावर बसले, कोटाच्या खिशातून दवाखान्यातल्या तपासणीचा एक कागद काढला, चष्मा लावून वाचला. परत पहिल्यापासून वाचला. एका हाताने त्यांनी माझी कड घट्ट धरून ठेवली होती. जिन्यावर पावलं वाजली आणि कागद घडी होऊन आतल्या खिशात गेला.

"अप्पा, एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"तू कुणाचं नाव घालतेस ते बघायला."

"तेच तर कळत नाहीये. तुमचं पोट दुखत होतं ना? डॉक्टर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पित्त झालंय. तिखट सोडा म्हणाले." ते हसले. "विहीणबाईंचं नाव घाल. त्यांचं ऑपरेशन खोळंबलंय. मला काय धाड भरलीये?"

"खरंच ना?"

"बघ की माझ्याकडे नीट. दिसते का कुठे चीर?"

तिला हसू आलं आणि रडूही. तिने सासूबाईंचं नाव लिहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो.

सासूबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्या हळूहळू जिना चढू लागल्या. आणि आठ महिन्यांनी अप्पा दुकानात मशीनवरच कोसळले. दवाखान्यात नेलं, तोवर दुखणं सगळ्या पोटात पसरलं होतं. नजरबाईला जेमतेम अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसायला मिळालं.

त्याच वर्षी कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला बोळाच्या टोकाला, जुन्या पुठ्ठ्यांशेजारी टाकलं. एक पाय तडकला होता, त्याखाली कुणीतरी वीट सरकवली. फॉर्मचे दिवस पुन्हा आले, तेव्हा रिकाम्या खुर्च्या सोडून नजरबाई माझ्याकडे आली. तिच्यामागे कारकूनबाईही येऊन बसल्या.

"ताई, अप्पांच्या कोटात हे सापडलं. तारीख बघा. गेल्या वर्षी आपण फॉर्म दिला त्याच्या चार दिवस आधीची आहे."

कारकूनबाईंनी कागद वाचला. मग म्हणाल्या, "सासूबाईंना ठाऊक आहे?"

"त्यांनाच तर मिळाला. दोन दिवस घास घेतला नाही त्यांनी. म्हणतात, माझं नाव काढून टाक. काढून आता घालू कुणाचं?"

"तुझ्या वडिलांनी मनाशी ठरवूनच केलं गं ते. तुझा काय दोष?"

"'खरंच ना' असं मी एकदाच विचारलं, ताई. दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला तेच उत्तर हवं होतं ना."

कारकूनबाईंनी तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने नजरबाईने डोळे पुसले, सासूबाईंचं नाव लिहिलं आणि खालची ओळ मोकळी सोडली.

तेवढ्यात भट्टीवरचा एक कामगार फॉर्म घेऊन आला. सही करता करता म्हणाला, "आमच्या म्हाताऱ्याला काही होत नाही. मी सासूसासऱ्यांचीच नावं टाकतोय."

"फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस कधी आहे?" नजरबाईने विचारलं.

"परवा."

"मग आज तसाच घरी ने. त्यांच्याजवळ बस आणि विचार."

"विचारलं की. 'काही नाही' म्हणाले."

"पुन्हा विचार," ती म्हणाली. आवाज इतका फाटला होता, की त्याने पेन खिशात ठेवलं आणि फॉर्मची घडी घातली.

मित्रांनो, माझी डागडुजी आता कुणी करेल असं वाटत नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. घरातलं थोरलं माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणालं, की लगेच उठून जाऊ नका. अजून थोडा वेळ बसा.