शिल्लक चार नग

पंपांच्या कारखान्यात अडतीस वर्षं स्टोअर सांभाळणाऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे बायकोनं लग्नानंतर वर्षभरातच ठरवून टाकलं होतं. तोंडावर 'अहो', आणि पाठीमागे 'आमचा नग'. त्याला कारणही तसंच होतं. हा गृहस्थ बोलायचाच नगांत. बाजारातून लिंबं आणली की 'सहा नग'. पाहुणे यायचे असले की 'किती नग येतायत?' मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून आपल्या आईला फोन केला, तो काय म्हणून? 'एक नग, सुस्थितीत!' आता असल्या माणसाला नग नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

कारखान्यात सगळे त्यांना स्टोअरकाका म्हणत. आपणही काकाच म्हणू, आणि तिला काकू.

काकांची निवृत्ती तीन आठवड्यांवर आली होती. लोक निवृत्तीची तयारी म्हणून सहली ठरवतात, कुंड्या आणतात, निदान उद्यापासून फिरायला जाणार अशा थापा तरी मारतात. काकांनी औषधांचं कपाट लावलं. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून घेतले. काकूंच्या साड्या कुठे गेल्या ते विचारू नका. प्रत्येक औषधाला वेगळा डबा, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीखाली कार्ड. आवक, जावक, शिल्लक. आधी आलेलं औषध आधी संपवायचं. आणि पाकिटातली गोळी काढायची ती नेहमी खालच्या टोकाकडून, कारण वरच्या टोकाला एक्स्पायरीची तारीख छापलेली असते आणि ती शेवटच्या गोळीपर्यंत वाचता आली पाहिजे. दर रविवारी सकाळी चहा झाला की मोजणी.

"म्हातारपणी माणसाला दोनच गोष्टी लागतात," काका म्हणायचे. "वेळेवर गोळी आणि शिल्लक साठा."

"आणि बायको?" काकू विचारायच्या.

"ती आहेच की स्टॉकमध्ये."

काकू पदरानं हसू झाकायच्या. पण गेले चार महिने त्या हसण्याखाली एक गोष्ट दडलेली होती, आणि ती त्यांनी नवऱ्याला सांगितली नव्हती.

झालं होतं असं. काकांची रक्तदाबाची गोळी सकाळी एक. काका आधी कार्डावर खूण करायचे, मग स्वयंपाकघरात पाणी आणायला जायचे. शिस्तच तशी, आधी नोंद, मग माल. आणि चार महिन्यांपूर्वी एकदा पाणी आणायला गेलेले काका पाणी पिऊन, पेपर घेऊन, खुर्चीत जाऊन बसले. गोळी पाकिटातच राहिली. काकूंनी विचारलं, "गोळी घेतलीत का हो?" तर काका म्हणाले, "केव्हाच! कार्ड बघ." कार्डावर खूण होती. काय बोलणार?

आठवड्यानं पुन्हा तेच. मग आठवड्यातून दोनदा. रविवारी मोजणीत गोळी जास्त भरली असती, म्हणजे काकांना कळलं असतं. म्हणून शनिवारी दुपारी काका कामावर असताना काकू कपाट उघडायच्या, जास्तीची गोळी खालच्या टोकाकडून काढायच्या आणि खिडकीतल्या कुंडीत पुरायच्या. त्या झाडाचा रक्तदाब आता अगदी ताब्यात असणार. रविवारी ताळा जुळायचा, काका खुशीत मान डोलवायचे, आणि काकू गॅसपाशी उभं राहून दूध उतू जात नाही ना ते बघत बसायच्या, दूध नसलं तरी.

गोळीच असती तर एक वेळ चाललं असतं हो. पण काका एकच प्रश्न दोनदा विचारायला लागले होते. लेकीच्या घराकडे जायची बस कुठली, ते परवा थांब्यावर उभं राहून काकूंना विचारलं. काकूंनी सांगितलं, जणू काही त्यांनाही नुकतंच आठवलं होतं.

लेकीला सगळं माहीत होतं. ती दुसऱ्या गावात नोकरीला, फोनवरून काकूंचे कान उपटायची. "आई, तू बाबांना लपवतेयस की त्यांच्यापासून लपवतेयस?"

"तीन आठवडे राहिलेत गं. ताठ मानेनं उतरू दे त्यांना. मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

यावर काकू विचारायच्या, तू जेवलीस का.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो फॉर्म आला. निवृत्तीनंतर कारखान्याकडून औषधोपचार चालू ठेवायचे असतील तर भरायचा फॉर्म. चार पानी, आत पन्नास प्रश्न, खाली नवऱ्याची सही आणि बायकोचीही. दिलेली माहिती खोटी निघाली तर योजनेतून नाव कमी, असं ठळक अक्षरात. काकांनी एका बैठकीत भरला. 'अवलंबून असलेल्या व्यक्तींची संख्या' या रकान्यात चक्क '१ नग' असं लिहिलं, मग जीभ चावून नग तेवढा खोडला. सातव्या प्रश्नाला, 'स्मरणशक्तीबाबत काही तक्रार?', त्यांनी 'नाही' पुढे अशी ठसठशीत खूण केली की कागदाला मागून उठाव आला.

"कर सही," ते म्हणाले.

"चष्मा सापडत नाहीये."

"डोक्यावर आहे."

"तो जवळचा नाही, लांबचा."

काकूंना आयुष्यात लांबचा चष्मा लागलेला नव्हता. काकांच्या ते लक्षात आलं नाही, आणि ते लक्षात आलं नाही याचंच काकूंना रडू आलं. सही केली तर खोटं कायमचं झालं, उपचार मिळायचे ते हुकले. आणि नाही केली तर नवऱ्याला सांगावं लागणार, की तुमचं चुकतंय. ज्या माणसाच्या स्टोअरमध्ये अडतीस वर्षांत एक वॉशर कमी भरला नाही, त्याला.

त्यात बुधवारी काकांनी गोळी दोनदा घेतली. एकदा खूण करून, एकदा खूण न करता. कामाला निघताना दारातच चक्कर आली, भिंतीला धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक. "बूट घालायला वाकलो ना, म्हणून," म्हणाले. काकूंनी कपाटात बघितलं तर पाकिटात एक गोळी कमी. त्या दिवशी त्यांनी काकांना कामावर जाऊ दिलं नाही, दुपारपर्यंत उशापाशी बसून राहिल्या. नेहमीच्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, उद्याची गोळी द्यायची का. डॉक्टरांनी उद्याची नेहमीसारखी द्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "पण त्यांना घेऊन या एकदा. तुम्ही सांगताय ते मला बघायला हवं."

गुरुवारपासून गोळी काकू स्वतः हातावर ठेवू लागल्या, 'माझी घेतेय, तुमचीही आणलीय' असं म्हणत. पण कमी झालेल्या गोळीचं काय? रविवारी एक नग तूट निघणार. शनिवारी काकूंनी औषधाच्या दुकानातून दहा गोळ्यांचं नवं पाकीट आणलं, घाईघाईनं त्यातल्या सहा गोळ्या काढल्या, उरलेल्या चार तशाच ठेवून ते पाकीट डब्यात सरकवलं आणि जुनं पाकीट शिवणाच्या डब्यात खोल दडवलं. कुठल्या टोकाकडून फोडलं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

रविवारी चहा झाला. काका चष्मा लावून कपाटापुढे बसले.

"शिल्लक चार नग," ते म्हणाले. "कार्डावर चार. बरोब..."

आणि थांबले. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. वरचं टोक फाटलेलं होतं, तारीख अर्धी गेलेली. खालच्या चार गोळ्या जिथल्या तिथे.

"हे माझ्या हातचं नाही," काका म्हणाले.

काकू गॅसपाशी होत्या. वळल्या नाहीत.

"अगं, हे पाकीट कुणी फोडलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

"तू कशाला फोडशील?"

आता ताकास तूर लागू न देता काहीतरी सांगता आलं असतं. काकूंना चार-पाच थापा सुचल्याही. पण चार महिने झाले होते, आणि माणूस थकतो. त्या वळल्या आणि सगळं सांगून टाकलं. कुंडी, शनिवारची दुपार, बसचा थांबा, बुधवार.

काकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू ताळा जुळवत होतीस? चार महिने? माझ्या घरात? अगं, चोरी परवडली! चोरी निदान दिसते. जुळवलेल्या ताळ्यानं माणूस आंधळा होतो! असं करणाऱ्याला मी स्टोअरच्या दारात उभं केलं नसतं!"

"मग मलाही उभं करू नका!" काकूंचाही आवाज चढला. "काय करायला हवं होतं मी? तुम्हाला सांगायचं, की अहो, तुमचं विसरायला होतंय? तुम्हाला? बुधवारी तुम्ही दारात बसलात ना, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. भीती वाटते हो मला. तुम्ही एक दिवस मला विसराल याची नाही वाटत तेवढी. तुम्हाला कळेल आणि तुम्ही खचाल, याची वाटते."

काका पाकीट हातात धरून बसून राहिले. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, शेजारच्यांचा नळ सुटला. काकूंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि चिडून भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती ती.

बऱ्याच वेळानं काकांनी विचारलं, "फॉर्म कुठाय?"

काकूंनी तो उशीखालून काढून दिला. काकांनी सातव्या प्रश्नाच्या 'नाही'वर एकच सरळ रेघ मारली. गिरवलं नाही, खरवडलं नाही. स्टोअरची पद्धतच ती, चुकीची नोंद खोडायची पण खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी 'होय' लिहिलं, खोडलेल्या जागी बारीक सही केली, तारीख घातली. तारीख घालण्याआधी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. काकूंनी ते पाहिलं, आणि नजर वळवली.

"आता कर सही," काका म्हणाले. "हा लांबचा चष्मा कधीपासून लागला गं तुला?"

काकू रडता रडता हसल्या आणि सही केली.

मंगळवारी दोघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर वयानं लेकीएवढ्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि कागदांचा गठ्ठा. त्यांनी काकांना आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाल्या, "काका, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. थोड्या वेळानं विचारीन. किल्ली, नदी, टोपी, आरसा, पाखरू."

मग त्यांनी काकांकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी काकांनी अशी धडाधड केली की डॉक्टरच मागे पडल्या. काकूंना वाटलं, बघा, उगाच आलो.

"आता ते पाच शब्द सांगा बरं."

"किल्ली," काका लगेच म्हणाले. किल्ली कशी विसरतील? "टोपी." मग थांबले. "आणि..."

काकांनी छताकडे बघितलं, हाताच्या बोटांकडे बघितलं. कपाळावर घाम आला. मागच्या खुर्चीत काकूंना पाचही शब्द तोंडपाठ होते. काकांची मान खाली जायला लागली तसं त्यांना राहवलं नाही. त्या पुढे झुकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "न..."

काकांनी मागे न वळता हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "जुळवू नकोस. आहे तेवढंच लिहू दे त्यांना."

काकूंनी तोंडावर हात धरला. काकांनी आणखी थोडा वेळ शोधलं, मग डॉक्टरांना म्हणाले, "दोन. तूट तीन." आवाज थोडा हलला, पण म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. इतक्यात काहीच नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. रक्त तपासू, डोक्याचा स्कॅन करू, कधीकधी साध्या कारणानंही असं होतं. नसेल तसं, तरी लवकर आलात ते बरं झालं. गोळ्या मात्र आजपासून एकाच माणसाच्या हातात, आणि तो माणूस तुम्ही नाही.

"ही देईल," काका म्हणाले. मग विचारलं, "स्टोअरच्या चाव्या शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू की आजच देऊ?"

"तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी विचार केला. "उद्या देतो. साहेबांना मी स्वतः सांगतो. मोजणी दोघांनी मिळून करायची, म्हणजे नव्या माणसाला माझ्या चुकीचा भुर्दंड नको."

काकूंना त्या क्षणी आपल्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की तो कुठे ठेवावा ते कळेना.

रक्ततपासणीच्या चिठ्ठीसाठी दोघं बाहेरच्या बाकावर बसली. समोर नंबर पुकारत होते. काका म्हणाले, "एक विचारू? या चार महिन्यांत तू किती वेळा जुळवलंस?"

काकूंनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला.

"मोजलं नाही हो मी," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाकावर सरकून अगदी जवळ येऊन बसले.

"बरं केलंस," ते म्हणाले.