तो गरजायचा, मी गुणगुणायचो

मी एक जुना स्पीकर आहे. अंगाने जड, आवाजाने बेताचा. मित्रांनो, आमचे अन्न म्हणजे वीज. काही स्पीकर चिमूटभर विजेवर खणखणीत गातात. मला मात्र भरपेट मिळाल्याशिवाय कंठ फुटत नाही. सुताराने माझी पेटी इतक्या जाड लाकडाची केली, की मला उचलताना दोन माणसांना धाप लागते.

मला एका नृत्यशिक्षिकेने घेतले. तेव्हा बाईंकडे चारच मुली शिकत आणि माझे फार कौतुक होई. पुढे मुली वीस झाल्या आणि माझी पंचाईत झाली. चाळीस पावले फरशीवर आपटू लागली की गाणे त्यात बुडून जाई. मागची रांग पुढच्यांचे पाय बघून नाचे, म्हणून ती नेहमी उशिरा वळे.

बाईंचे यजमान चष्म्यांचे दुकान चालवीत. त्यांनी कर्ण्यासारख्या तोंडाचा एक स्पीकर आणला आणि बटण तीनवर ठेवून आम्हा दोघांना आळीपाळीने गायला लावले. मी गुणगुणलो. तो असा गरजला, की खिडकीची काच थरथरली. यजमानांनी जागच्या जागी निकाल दिला: जुना भंगारात. भंगारवाला शनिवारी यायचा होता. तोवर माझ्या डोक्यावर मुलींच्या मोज्यांची रास पडली. फार अपमान वाटला.

शुक्रवारी बाईंचा भाऊ आला. तो नाटकगृहात ध्वनीचे काम करी. सगळी हकिगत ऐकून त्याने मोजे बाजूला केले.

"दाजी, दोघांना वीज सारखी दिलीत, पण आवाज सारखा कुठे केलात? जे मोठं वाजतं, ते आपल्याला उगाच गोड लागतं."

"नवा तो नवाच. मी झोपेतही ओळखेन," दाजी म्हणाले.

भावाने आमच्यापुढे चादर टांगली. आवाज मोजायच्या यंत्रावर बघत त्याने नव्यासाठी बटण दोनवर आणले आणि माझ्यासाठी आठवर नेले. दाजी डोळे मिटून बसले. पहिला स्पीकर ऐकून म्हणाले, की ठेका अंगावर येतो, पण गाणारी नाकात गाते आणि मागे काहीतरी फुसफुसते. दुसरा ऐकताना मात्र त्यांची मान डोलू लागली.

"हा बघा नवा. खर्ज कसा पोटात उतरतो."

बाईंनी चादर ओढली. गात होतो मी. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरीही मीच होतो.

बाई हसल्या, पण वर्गात ठेकाच हवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते खरेही होते. त्या गोंगाटाशी झुंजावे ते नव्यानेच. तो वर्गात राहिला, मी घरात आलो. आता संध्याकाळी बाई दुखरे पाय स्टुलावर ठेवून मला ऐकतात. दाजी पाहुण्यांना सांगतात, की माझी योग्यता त्यांनी पहिल्याच दिवशी हेरली होती. हे खोडून काढायला माझ्याकडे स्वतःचा शब्द नाही. वायरीतून येईल तेवढेच मी बोलतो.

मित्रांनो, कुणाला कमी लेखण्याआधी दोघांचा आवाज एकदा सारखा करून पाहा. आणि माझी जाळी कोरड्या कापडाने पुसा. ओल्याने माझा घसा बसतो.