बंदरातलं जहाज

आमच्या मंडळात आठ माणसं आणि एकच भांडण. दर रविवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या खोलीत आम्ही पटावर जहाजं चालवायचो. माल भरायचा, समुद्र ओलांडायचा, वादळाचं पान निघालं की जहाज बुडायचं. प्रश्न एवढाच, की जहाज बंदरात उभं असेल तर बुडतं का? माझं म्हणणं, नाही. भाऊजींचं म्हणणं, बुडतं. नियमांची पुस्तिका यावर मूग गिळून बसली होती, त्यामुळे सहा वर्षं आम्ही दोघंच बोलत होतो.

मी प्लंबर. पाण्यातलं मला कळतं असा माझा समज. भाऊजी लॅबमध्ये रक्त तपासतात, त्यांना पुराव्याशिवाय काही पटत नाही. बंदरात बुडालेल्या जहाजांची कात्रणं ते फाइल करून आणायचे आणि मी ती न वाचता परत द्यायचो. आवाज खाली लाँड्रीपर्यंत जायचा. इस्त्रीवाला एकदा सोडवायला म्हणून वर आला आणि माझी बाजू घेऊन तासभर भांडून गेला.

ताईला जाऊन दीड वर्ष झालं. माझी बहीण, त्यांची बायको. त्यानंतर भाऊजींनी तिचं नाव एकदाही काढलं नाही. मी घरी गेलो तर दोघं टीव्हीकडे बघत बसायचो. रविवारी मात्र ते माझ्यावर तुटून पडायचे. खोटं कशाला बोलू, आठवडाभर मी त्याचीच वाट बघायचो.

मंडळाच्या प्रमुख हेडबाई. शाळेत चारशे मुलं गप्प बसवतात, पण आम्ही दोघं त्यांना पुरून उरलो होतो. नवीन माणूस एकदा येतो, भांडण ऐकतो आणि परत फिरकत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरीच होती. शेवटी त्यांनी खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच पत्र लिहिलं. एका ओळीत उत्तर आलं: बंदरातलं जहाज सुरक्षित.

म्हणजे मी जिंकलो. उत्तर लॅमिनेट करून भिंतीवर चिकटवलं, तेही मीच. भाऊजींनी चष्मा वर करून ते वाचलं, "बरं" म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

तेव्हापासून मंडळाची तब्येत सुधारली. एक नवीन जोडपं रुळलं. डाव दीड तासात संपायला लागले. भाऊजी यायचे, फासे टाकायचे, जायचे. तिसऱ्या रविवारी डाव चालू असतानाच म्हणाले, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पुढच्या वेळेपासून येणार नाही. सगळ्यांनी काळजी घ्या म्हणून सांगितलं. कुणी वाद घातला नाही.

पुढचंच पान वादळाचं निघालं. माझं जहाज बंदरात होतं, मालाने गच्च भरलेलं. मी ते उचललं आणि बुडालेल्यांच्या डब्यात टाकलं.

"ठेव परत," भाऊजी म्हणाले. "नियम आहे."

"नियम चुकीचा आहे. धक्क्यावर आपटून जहाज फुटतं. तुम्हीच सांगायचा."

भाऊजींनी फासे खाली ठेवले आणि मी कसा चुकतोय ते सांगायला लागले. बंदर बांधतात कशासाठी, टाकीला व्हॉल्व्ह बसवतात कशासाठी... सगळे माझेच मुद्दे, पण माझ्यापेक्षा नीट मांडलेले. मी त्यांचे मुद्दे मांडायला गेलो तर मला निम्मेसुद्धा आठवेनात. सहा वर्षं मी ऐकलंच नव्हतं. तरी रेटून बोललो. आवाज चढले. नव्या जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि पिशव्या उचलल्या. हेडबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"तुम्हाला माझं सगळं पाठ कसं?" मी विचारलं.

भाऊजींनी डब्यातून माझं जहाज काढून परत बंदरात ठेवलं.

"तुझी ताई तुझ्या बाजूने होती," ते म्हणाले. "इथून घरी गेलो की तिच्याशी दुसरी फेरी. तू शेफारशील म्हणून तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

ताईचं बरोबर होतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तसं म्हटलं असतं तर वाद तिथेच मिटला असता.

"मग ती चुकत होती," मी म्हणालो.

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली.

"गप्प बस," ते म्हणाले. "ती काय म्हणायची ते पहिल्यापासून ऐक."