जाळं सांधणारा माणूस

भोकरच्या तहसीलातली कारकून लुंबिनी हिला समुद्राचं वेड जरा उशिराच लागलं. वडिलांचा जुना रीळवाला कॅमेरा तिच्याकडे होता. काळे-पांढरे रीळ घरच्या न्हाणीत स्वतः धुता येतात म्हणून ती रंगांच्या वाटेला कधी गेलीच नाही. सूर्य समुद्रातून वर येताना टिपायचा तर कोकणात जाऊन काय उपयोग? म्हणून वर्षातून दोनदा रजा टाकून ती आंध्रात, मछलीपट्टणमच्या बाजूला जायची आणि तांबडं फुटायच्या आधीच वाळूत उभी राहायची.

यंदा लातूरच्या एका सरकारी कार्यालयाच्या सभागृहात तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली शिपाई सरजाबाई चहा घेऊन आली आणि एका फोटोसमोर थबकली. हातातला ट्रे सुटला. कप फुटले, चहा पायांवर सांडला.

"मावशी, भाजलं का?"

सरजाबाईला ऐकूच गेलं नाही. फोटोत एक माणूस उगवतीचा उजेड तोंडावर घेऊन जाळं सांधत बसला होता.

"ह्यो माझा नवरा हाय," ती म्हणाली. "नरसिंग."

लुंबिनीला वाटलं, बाईचा काहीतरी घोटाळा होतोय. पण सरजाबाईनं फोटोवर बोट टेकवलं.

"ही भुवई बघा. बैलाचं शिंग लागलं हुतं. मीच हळद भरली." मग आवाज खाली आला. "चौदा वर्सं झाली. देवणीच्या बाजाराला म्हणून गेला तो गेलाच. सात वर्सांनी कोर्टानं मेला म्हणून लिहून दिलं. त्यो हितंच शिपाई हुता, त्याच्याच जागेवर लागले मी. लेकीच्या लग्नपत्रिकेत कैलासवासी छापलं."

 मछलीपट्टणमच्या वाळूतला तो माणूस लुंबिनीला लख्ख आठवला. "कुठल्या तुम्ही?" असं त्यानं विचारलं होतं, चक्क मराठीत. ती म्हणाली होती, "नांदेडकडची." त्यावर त्यानं मान जाळ्यात खाली घातली होती. उजेड निघून चाललेला, म्हणून तिनंही पुढं काही विचारलं नव्हतं.

"काढा तो फोटो," सरजाबाई म्हणाली. "कुणी बघायच्या आत काढा."

बाई हरखून जाईल असं लुंबिनीला वाटलं होतं. तिनं फोटो उतरवला.

चार दिवसांनी सरजाबाईचा फोन आला. "मॅडम, मला तिथं न्या. नोकरी गेली तर जाऊ द्या. का गेलास, येवढंच इचारायचंय."

दोघी रेल्वेनं गेल्या. सकाळी किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा होड्या परतत होत्या. चहाच्या टपरीवरच्या गंगम्मानं लुंबिनीला पाहताच कपाळाला आठ्या घातल्या. लुंबिनीला मोडकंतोडकं तेलुगू येत होतं. तिनं त्या माणसाबद्दल विचारलं तशी गंगम्मा भराभरा बोलू लागली.

"काय म्हणती?" सरजाबाईनं विचारलं.

"म्हणते, बारा वर्षं इथंच होता. मी फोटो काढून गेले त्याच दुपारी त्यानं वळकटी बांधली. कुठं गेला, कुणाला माहीत नाही. तेव्हापासून हे लोक विचारताहेत, ती फोटोवाली बाई पोलिसातली होती का म्हणून."

 सरजाबाई म्हणाली, "कुठं निजायचा?"

लुंबिनीनं ते तेलुगूत विचारल्यावर गंगम्मानं ताडाच्या झापांची एक खोपी दाखवली. सरजाबाई वाकून आत गेली. आत फाटकी चटई आणि रिकामी दोरी होती. बाहेर येऊन तिनं विचारलं, "संगं बाई हुती का? लेकरं?"

गंगम्मानं नकारार्थी मान हलवली. एकटाच होता.

"एकटाच?" सरजाबाईचा आवाज फाटला. "कुणीच न्हाई? मग कशापायी गेला वो? काय केलं हुतं मी त्याला?"

जाळी वाळत घालणारी माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. भाषा कळली नाही तरी कुणाला पुढं होववेना. लुंबिनीनं तिचा हात धरायला पाहिलं, तिनं तो झिडकारला.

 परतीच्या गाडीतून नांदेडला उतरताना सरजाबाई लुंबिनीकडं वळली.

"लेकीला सांगू नका, मॅडम. ती बापाचा फोटू पुजती."

सोमवारी ती वेळेवर कामावर हजर होती.