एकटी कशी पाठवायची?

बिट्टीच्या नखांतलं प्लास्टर निघता निघत नव्हतं. ती मोरीशी बसून जुन्या ब्रशनं बोटं घासत होती आणि आई ओट्यापाशी चहा गाळता गाळता तिला चिडवत होती.

"राहू दे गं. तिकडचे लोक काय नखं बघून आत घेतात?"

"नखं नाही बघत, मुलाखतीत प्रश्न विचारतात. पण उत्तर देताना हात दिसतातच की!"

"मग मागे बांध हात. शाळेत बाई रागावल्या की बांधायचीस तसे."

बिट्टी रुग्णालयामागच्या कार्यशाळेत कृत्रिम हातपाय बनवायची. अपघातात हात गेलेला माणूस समोर बसला, की ती आधी त्याची चौकशी करी, दोन गोष्टी बोले आणि मग प्लास्टरचा साचा घेई. मोठ्यांचं काम होऊन जायचं. हाल व्हायचे ते लेकरांचे, कारण मूल वाढतं आणि बनवलेला हात वाढत नाही. वाढत्या मुलांसाठी हात कसे करायचे हे शिकवणारं विद्यापीठ परदेशात होतं. तिथे तिला प्रवेश मिळाला, वर शिष्यवृत्तीही मिळाली. म्हणजे घरच्यांना खिशात हात घालायचीसुद्धा गरज नव्हती. विद्यार्थी म्हणून व्हिसाचा अर्ज गेला होता आणि मुलाखत महिन्यावर आली होती.

वडिलांचं चौकात चष्म्यांचं दुकान. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. त्यांचा आनंद तर पोटात मावत नव्हता. गिऱ्हाइकाची नजर तपासतानासुद्धा तेच. "खालची ओळ वाचा बघू... आमची बिट्टी परदेशी चाललीय बरं का... अहं, तो 'घ' नाही, 'ध' आहे."

पण आपल्याकडे मुलीच्या आनंदाला कोणी फार दिवस नांदू देतं का? बातमी कळली आणि आत्या आली. आत्या म्हणजे चष्मेवाल्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा हिनंच भावाला वाढवलं होतं, त्यामुळे या घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"एकटी जाणार?" चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं.

"विद्यार्थी एकटेच जातात आत्या," बिट्टी हसून म्हणाली. "घोळक्याला नाही देत व्हिसा."

"जीभ बघ किती चालते! अरे, पोरगी दोन वर्षं परक्या मुलखात राहणार. परत आल्यावर हिला कोण करून घेणार? आणि तिकडंच कोणाचा हात धरला तर? काही नाही, लग्न करून पाठव. एकदा कोणाची तरी झाली, की आपण सुटलो."

आपण सुटलो! वाचकहो, मुलगी म्हणजे काय तळहातावरचा निखारा आहे? पण त्या नात्यागोत्यात आताशा ही रीतच पडून गेली होती. मुलगा शिकायला परदेशी निघाला की त्याला निरोप द्यायचा आणि मुलगी निघाली की तिला आधी नवरा द्यायचा. शिकलेसवरलेले लोक हे करतात आणि वर म्हणतात, आम्ही मुलींना अडवत नाही हो!

चष्मेवाल्यांनी एकदा "ताई, इतक्या घाईत..." असं म्हणून बघितलं. आत्यानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. संध्याकाळी बिट्टीचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात गेला आणि किल्ली खिशात. "लग्न कर आणि घे तुझा पासपोर्ट. मी काय जाऊ नको म्हणतोय?"

बिट्टी भांडली, रडली, जेवणाचं ताट सरकवून उठली. शेवटी आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"एक सहीच तर आहे गं. करून टाक आणि उडून जा."

"सही माझी आहे ना पण, आई."

आई ताट उचलून आत गेली. तिच्या लग्नात तिला तरी कोणी विचारलं होतं? बिट्टीनंही मनाची समजूत घातली की हा रस्त्यावरचा नाका आहे, ओलांडला की पलीकडे मोकळं रान. इथेच ती चुकली, बिचारी.

स्थळ आत्याच्या खिशात तयारच होतं, फरशीवाल्यांचा मुलगा. दोघांना खोलीत बसवलं, तेव्हा तो बराच वेळ खाली फरशीकडेच बघत होता. मग म्हणाला, "तुम्ही या शिकून. माझं काही नाही."

"तुम्हाला स्वतःला करायचंय का हे लग्न?"

तो खरंच विचारात पडला. "हे मला कोणी विचारलंच नाही."

मुलगा वाईट नव्हता. तोही कोणाच्या तरी वळचणीला उभाच होता. नोंदणी कार्यालयात दोघांनी सह्या केल्या, दहा-बारा माणसं जेवली आणि आत्यानं सुस्कारा सोडला.

मग चष्मेवाले पेढ्यांचा पुडा घेऊन व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडे गेले. सोबत बिट्टी होती, आणि आत्या तर होतीच. लग्न म्हटल्याबरोबर त्यानं कपाळावर हात मारला.

"अहो, अर्जात मुलगी अविवाहित आहे! मुलाखत आठवड्यावर आलेली आणि लग्न लावून मोकळे? मला आधी विचारायचं तरी!"

"लग्नाचं तुला काय विचारायचं?" आत्या म्हणाली. "तू काय मुलीचा मामा?"

"मामा तुमचाच झाला, मावशी. आता बदल कळवायला लागेल. आणि तिथं हेच खोदून खोदून विचारणार, लिहून ठेवा." मग तो बिट्टीकडे वळला. "विचारलं तर नवऱ्याशी जुनी ओळख होती म्हणून सांगा."

मुलाखतीला काचेपलीकडे एक अधिकारी बाई होती. अभ्यासाबद्दल विचारलं, तर बिट्टीची कळी खुलली. कोपराखाली हात नसलेलं मूल पहिल्यांदा पेला उचलतं तेव्हा आधी घाबरतं आणि मग हसतं, हे तिनं इतक्या आवडीनं सांगितलं की बाईसुद्धा हसली. मग तिनं पुढचं पान उलटलं.

"अर्ज केलात तेव्हा अविवाहित होता. मधेच लग्न?"

"घरच्यांनी ठरवलं."

"पतीला कधीपासून ओळखता?"

खोटं बिट्टीच्या ओठांवर आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. "लग्नाआधी एकदा भेटलो होतो."

"तुमच्या मागोमाग तेही येणार आहेत?"

"माहीत नाही. तसं बोलणंच झालं नाही."

"त्यांचं शिक्षण?"

"माहीत नाही," बिट्टी पुन्हा म्हणाली. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. बाई दुष्ट नव्हती. कागदावरची लग्नं करून सीमा ओलांडणारे लोक ती रोज बघत होती, आणि समोरची मुलगी तशीच दिसत होती. तिनं व्हिसा नाकारला. जाण्यामागचा खरा हेतू पटत नाही, एवढंच कारण मिळालं. जी मुलगी फक्त शिकायलाच निघाली होती, तिचा हेतू पटला नाही! मुलगी हातची जाऊ नये म्हणून लग्न लावलं आणि त्याच लग्नानं तिचं दार बंद केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विद्यापीठ थांबायला तयार नव्हतं. जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली, शिष्यवृत्तीही गेली.

पंधरवड्यात फरशीवाले सपत्नीक हजर झाले. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग विहीणबाई म्हणाल्या, "जायचं तर आता राहिलंच. मग सुनेला घेऊन जावं म्हणतो."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करूया की," चष्मेवाले घाईनं म्हणाले. "तोवर इथं राहील. कार्यशाळेतलं काम आहे तिचं."

"पुढच्या वर्षीचं आमचं आम्ही बघू. आणि ते तुटक्या हातापायांचं काम कशाला? आमच्याकडे बायका बाहेर जात नाहीत."

"पण माझी मुलगी..."

"आता तुझी कुठली?" आत्या म्हणाली. ती हे रागानं म्हणाली नाही. जे साऱ्यांनी मिळून केलं होतं, तेच तिनं बोलून दाखवलं.

बिट्टी दारात उभी होती. ती वडिलांकडे बघत राहिली. ते एकदा तरी 'नाही पाठवत' म्हणतील, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. नवरा त्याच्या आईच्या मागे उभा होता, त्यानंही मान वर केली नाही. बिट्टीनं आत जाऊन बॅग भरली. परदेशासाठी आणलेली तीच बॅग. ती गेल्यावर आई मोरीशी जाऊन नळ सोडून रडली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

लोकांना काय सांगायचं, तेही आत्यानंच ठरवून दिलं. बिट्टीनं आपणहून जायचं रद्द केलं, आधी संसार म्हणाली. लोकांनी ते खरं मानलं. काहींनी कौतुकही केलं.

काही महिन्यांनी दुकानात शाळेतले मास्तर आले. ते चष्म्यासाठी नव्हते आले. बाकावर बसून म्हणाले, "एक विचारायचंय. आमच्या मोठीला परदेशात प्रवेश मिळाला. घरात सगळे मागे लागलेत, लग्न करून पाठवा म्हणून. ती रडतेय. माझं मन होत नाही. तुम्ही यातून गेलात, म्हटलं तुम्हालाच विचारावं. बरं झालं का लग्न केलंत ते?"

चष्मेवाल्यांनी हातातली काच पुसायला घेतली. बिट्टीला भेटायला गेल्या खेपेला ते गेले होते, तेव्हा ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी ठेवून आत निघून गेली होती. सगळं सांगून टाकावं, या मास्तरांचे पाय धरून सांगावं, असं त्यांना वाटलं. पण मग सोयरे काय म्हणतील? ताई काय म्हणेल? इतके दिवस सांगितलेलं खोटं ठरेल त्याचं काय?

"बरंच झालं," ते म्हणाले. "आपण निश्चिंत होतो."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तिथंच बसून त्यांनी घरी फोन लावला. "अगं, विचारलं मी. हो, कळव त्यांना. याच महिन्यातला दिवस बघा म्हणावं." पलीकडून एका मुलीच्या रडण्याचा आवाज चष्मेवाल्यांनासुद्धा ऐकू आला. तेव्हाही एक शब्द पुरला असता. तो त्यांनी काढला नाही, आणि मास्तर त्यांचे आभार मानून गेले.

उद्या कोणी बाप तुमच्याकडे असाच विचारायला येईल. तुम्ही त्याला काय सांगणार आहात?